तीन स्थळं स्कॉटलंडची, एक बोरीचं

माझ्यासाठी आमच्या झरीच्या घरात एकाच उन्हाळ्यात चार स्थळं आली. एक बोरीचं आणि बाकीची तीन स्कॉटलंडची. बोरीचा मुलगा जिंतूरला पंचायत समितीत कारकून होता. स्कॉटलंडची तीन म्हणजे एडिनबरा, ग्लासगो आणि ॲबरडीन या गावांमधली विद्यापीठं. हसू नका, आमच्या घरात त्यांना स्थळंच म्हणत. मी परभणीला शेतकी शिकले, त्यातही मातीचं शास्त्र घेतलं, पहिली आले, आणि सरकारनं परदेशी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तीन ठिकाणी अर्ज केले होते, एखाद्या ठिकाणी जमलं तर जमलं म्हणून. तिन्हीकडून होकार आला! आता एकच नाव सरकारला कळवायचं होतं. तिकडं बोरीच्या माणसांनाही शब्द दिलेला होता की बुद्धपौर्णिमा झाली की हो-नाही सांगतो. मी तर पार येडी झाले होते. आमटीत मीठ दोनदा पडायचं, पाणी शेंदताना दोर हातातून सुटायचा, आणि उगाच हसू यायचं. माय म्हणायची, "हिला कुनाची तरी नजर लागली. न्हाईतर स्कॉटलंडची हवा आत्ताच लागली."

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तडतडायचा आणि गावातल्या पिठाच्या गिरणीचा टुकटुक आवाज संध्याकाळपर्यंत कानात बसायचा. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, प्राथमिक शाळेत मास्तर होते. माय आमच्या दोन एकरांत राबायची आणि ते काम संपलं की दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. दादांचे थोरले भाऊ तात्या आमच्याकडंच राहायचे. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकले होते, मग तहसील कचेरीत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर सगळं घर म्हणजे आपली कचेरी आहे असं धरून चालायचे. भाकरी करपली तरी म्हणायचे, "तहकीकात झाली पायजे."

दादांचं म्हणणं सरळ होतं. मला शिकवायची हिंमत त्यांनीच केली होती, साऱ्या वस्तीत बोलणी खाऊन. पण बिनलग्नाची पोरगी साता समुद्रापार एकटी धाडायची म्हटल्यावर तीच हिंमत पुरेना. शेवटी एक दिवस जेवताना त्यांनी फैसला सांगितला. "तिन्हीतलं एखादं ठिकाण घरातल्या समद्यांना पटलं, तर जाईल. न्हाई पटलं तर बोरीला हो म्हनायचं. पोरगा चांगला हाय." पोरगा खरंच चांगला होता हो. बघायला आला तेव्हा मान खाली घालून मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, दोनदा पाणी मागितलं, आणि मला एकच प्रश्न विचारला, "मातीत एवढं शिकायला काय असतं?" मला काय, निमित्तच पाहिजे होतं. मी काळ्या मातीपासून सुरुवात केली आणि मुरमापर्यंत पोहोचले तेव्हा तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. त्याच्या आईनं निघताना सांगितलं, शिकलेली सून लय आवडती आमाला, पण नोकरी करायची गरज न्हाई. ते ऐकून मी रिकाम्या बशा उचलून आत गेले. म्हणजे तीन स्थळं पाडायला सगळं घर बसलं होतं, आणि त्यातलं एक तरी उभं राहिलं पाहिजे म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते.

पहिली तपासणी फोटोंची झाली. तिन्ही विद्यापीठांनी गुळगुळीत कागदाची पुस्तकं पाठवली होती. जेवणं झाली की मी ती मध्ये मांडायची. माय हात पुसून, पदर सावरून बसायची, तात्या चष्मा लावायचे. एडिनबराचं पुस्तक सगळ्यात देखणं. पहिल्याच पानावर डोंगरावर भला मोठा किल्ला.

माय म्हणाली, "हे वरी काय हाय?"

"किल्ला आहे माय. जुना."

"म्हंजी गढी."

"गढीच म्हण."

"मग नगं," माय म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अगं, तिथं आता कुणी देशमुख राहत नाही, लोक तिकीट काढून बघायला जातात! पण तात्या मायच्या बाजूनं झाले. "तिकीट काडून बी गढीपुढं वर मान करूनच बगावं लागतंय की. गढीच्या सावलीत आपले लोक कधी सुखी झाले, मला एक गाव दाखव." माय ज्या गावची, तिथं गढीसमोरून जाताना आपल्या माणसांना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागायच्या. तिनं लहानपणी आपल्या बापाला तसं जाताना बघितलेलं. स्कॉटलंडातल्या त्या बिचाऱ्या किल्ल्याचा काही गुन्हा नव्हता, पण एडिनबरा आमच्या घरात त्या रात्रीच्या जेवणानंतर पडलं ते पडलंच. पुढं मी तो किल्ला बघितला. तिकीट काढून, पायात चांगले बूट घालून, ताठ मानेनं. लय भारी आहे!

ग्लासगोवर दादांचा जीव जडला. फोटोत नदी, गोदी, उंच उंच क्रेन. "कामगारांचं गाव दिसतंय. घाम गाळनारी मानसं मानसाला वळखतेत," दादा म्हणाले आणि मला वाटलं, जमलं बरं का. तेवढ्यात मायनं धुराड्यावर बोट ठेवलं. "ही गिरनी हाय का?" दादा हो म्हणाले आणि तिथंच चुकले. मायचा धाकटा भाऊ गिरणीच्या गावाला कामाला गेला होता, तो दारूला लागला आणि त्याचं जे वाटोळं झालं ते सगळ्या भावकीला पाठ होतं. मायनं पदर डोळ्याला लावला. माझा मामा ग्लासगोला कधी गेला नव्हता, पण ग्लासगो मामामुळं पडलं. परवा माझी नात फोनवर विद्यापीठं बघत होती. कुठल्या विद्यापीठाला किती चांदण्या, राहायला कसं, जेवण कसं, सगळं एका बोटानं सरकवत. मी तिला म्हटलं, आमच्याकडं एका विद्यापीठाला गढीनं पाडलं आणि एकाला मामानं. तिला वाटलं आजीचं आता वय झालं.

राहिलं ॲबरडीन. दादा शाळेतून जगाचा नकाशा काखेत मारून घरी घेऊन आले आणि भिंतीवर टांगला. आमच्या भिंतीवर तोवर एकच फोटो होता. त्या फोटोतले, निळ्या कोटातले, आमच्या साऱ्या वस्तीचे बाप स्वतः समुद्र ओलांडून शिकायला गेले होते, आणि मी वादात हरायला लागले की गुमान त्या फोटोकडं बघायची. दादांना ते बरोबर कळायचं, ते नजर चुकवायचे. नकाशात ॲबरडीन अगदी वर, टोकाला. माय जवळ जाऊन बघत राहिली. "लय वरी हाय गं. चढ लागंल."

दादा मास्तर माणूस, घरातही हातात खडू. म्हणाले, "नकाशात वर म्हंजी उत्तर. चढ न्हवं."

"मग आपल्या खाली गोदावरी हाय, तिकडं पानी वरून उतरतच जातंय का न्हाई?"

दादांनी खडू खाली ठेवला. तात्या मात्र वेगळ्याच खुशीत होते, कारण फोटोत मासळीच्या टोपल्या होत्या. तात्यांना वाळलेले बोंबील म्हणजे जीव की प्राण. "मासळी हाय म्हंजी पोरगी उपाशी मरायची न्हाई," त्यांनी नोंद केली. पण लगेच बोट वर केलं. "फोटो बगून सोयरीक करनारा मी न्हाई. फोटो बगून तर म्हशीचा बी सौदा करू न्हाई. दर्यापत करावं लागंल."

आणि तात्यांची दर्यापत, म्हणजे चौकशी, करायची रीत सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. कुठल्याही पोरीचं स्थळ बघायला गेले की हे मुलाच्या घरात पहिल्यांदा पाय ठेवायचेच नाहीत. आधी शिवारात जायचे, ढेकूळ उचलायचे, चिमटीत फोडून बघायचे, वास घ्यायचे, आणि मग म्हणायचे, चला, आता मानसं बगू. माती चिवट असेल तर माणसं चिवट, माती भुसभुशीत असेल तर घर भुसभुशीत. गंमत बघा, मी ज्याची पदवी घेतली ते आमच्या तात्यांचं लग्न जमवायचं शास्त्र होतं. आता स्कॉटलंडच्या शिवारात जाणार कोण? तर तात्या एसटीनं परभणीला गेले आणि कोर्टापुढं बसणाऱ्या टंकलेखकाकडून तीन विद्यापीठांना तीन पत्रं करून आले. पाडलेल्या दोघांनाही. का, तर इन्साफ म्हंजी इन्साफ, समोरच्याची बाजू ऐकल्याबिगर खारीज करता येत न्हाई. तात्यांनी इंग्रजी वाचलं ते सगळं नोटिसांमध्ये. त्यामुळं पत्राची सुरुवात अशी होती की, ज्याअर्थी आमची पुतणी आपल्याकडे येऊ घातली आहे, त्याअर्थी आपण खालील बाबींचा खुलासा करावा. पाणी घरात येतं की लांबून आणावं लागतं. ज्या बाईच्या घरी पोरगी राहील तिचा स्वभाव कसा. शेजारीपाजारी कोण. पोरगी आजारी पडली तर रात्री दार कोण उघडेल. आणि शेवटी मायनं सांगितलेलं: तुमच्याकडं जात विचारतात का?

हे मला कळलं ते पत्रं टपालात पडल्यावर. आणि खरी बातमी तर पुढंच होती. प्रत्येक पत्रासोबत मायच्या जुन्या चोळीच्या कापडाची एक पुरचुंडी होती, आणि त्या पुरचुंडीत आमच्या रानातली काळी माती! मुलीकडची माती त्यांनी बघावी आणि त्यांच्याकडची आम्हाला दाखवावी, असा मजकूर.

मी तात्यांना अंगणात गाठलं. "तात्या! अहो काय केलंत हे! ते मला येडी समजतील. मिळालेली जागा जाईल माझी!"

"कामून जाईल? मातीचेच मास्तर हायत ना ते? मग त्यास्नी माती न्हाई धाडायची तर काय पेढे धाडायचे?"

माय हसून हसून भिंतीला टेकली. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्या दोन्हीच्या मध्ये उचकी लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. पुढचे आठवडे मी पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की परसात पळायची. एडिनबरानं नवं कोरं पुस्तक पाठवलं, आणखी सुंदर, आणि त्यात किल्ला आणखी मोठा. ग्लासगोचं पत्र फार सभ्य होतं, जागा पक्की आहे, आल्यावर सगळी मदत होईल. मी हुश्श केलं. ॲबरडीनचं मात्र काहीच येईना. बुद्धपौर्णिमा झाली. वंदना झाली, खीर झाली, वस्तीत रात्री भजनं झाली. बोरीहून निरोप आला की, काय ठरलं? दादा म्हणाले, येत्या रविवारी कळवतो. मला खीर गोड लागली नाही.

त्या रविवारी सुट्टी असूनही सकाळीच गावच्या पोस्टमास्तरांनी माणूस धाडला, कारण असं पार्सल त्यांच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. पत्र्याचा डबा, वर राणीचं तिकीट. माय नुकती चूल पेटवून भाकरीचं पीठ मळायला बसली होती. पार्सल आल्याचं कळून शेजारची गयाबाई हातातला तांब्या तसाच घेऊन आमच्या दारात उभी. आधी पत्र. मी एक एक ओळ मराठीत सांगत गेले. ते मातीच्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हातानं लिहिलं होतं, आणि तात्यांच्या एका एका बाबीचा खुलासा केला होता! पाणी घरातच, नळाला, गरमसुद्धा. घरमालकीण विधवा बाई, दार आपटलेलं तिला खपत नाही, पण सूप चांगलं करते. रात्री आजारी पडल्यास तीच दार उघडेल, आणि तिनं न उघडल्यास माझी बायको येईल, आमचं घर तीन गल्ल्या सोडून आहे. "वा," तात्या म्हणाले, "शरीफ मानूस." मग शेवटचा खुलासा. जात इथं कुणी विचारणार नाही. आडनाव मात्र सगळे चुकीचं उच्चारतील, त्याची आगाऊ माफी मागतो.

दादा म्हणाले, "ती वळ परत वाच." मी वाचली. दादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला.

पुढं प्राध्यापकांनी आमच्या मातीबद्दल लिहिलं होतं. ताटलीत भिजवून खिडकीत वाळत ठेवली, तर अशा भेगा पडल्या की असल्या भेगा त्यांनी पुस्तकातच बघितल्या होत्या, आता पोरं रांग लावून बघतात. तात्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. मग डबा उघडला. आत तपकिरी, हलकं, चौकोनी ढेकूळ. तात्यांनी रीतीप्रमाणं चिमटीत धरलं, दाबलं. फुटेना. हुंगलं. तोंड वेडंवाकडं केलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी ढेकूळ दुसऱ्यापुढं धरलं.

मायनं ते पिठाच्या हातानं घेतलं, एकदा उलटं-पालटं केलं आणि म्हणाली, "माती कुठली? गवरी हाय की ही!"

मी पत्र वाचलं. खरंच की! पाणथळ रानात गवत आणि शेवाळ हजारो वर्षं साचून झालेली ती माती. तिकडचे लोक ती कापतात, वाळवतात आणि चुलीत जाळतात. मायनं पुढचं ऐकलंच नाही. ढेकूळ मोडून निम्मं चुलीत सारलं. आधी धूर झाला, कसला तरी गोडसर, ओल्या रानासारखा वास सुटला, मग कडेनं लाल झालं, आणि बघता बघता इंगळ फुलला. "या अल्ला!" तात्या ओरडले, "जमीन जळायली!" गयाबाईच्या आरोळीनं निम्मी वस्ती आत. ज्याला त्याला बघायचं. मायनं त्याच निखाऱ्यापुढं भाकरी शेकायला उभी केली आणि ती टम्म फुगली. मी टाळ्या वाजवल्या. मोठी पोरगी, शिष्यवृत्तीची, टाळ्या वाजवत होते! कुणीतरी त्या भाकरीचे तुकडे केले आणि आम्ही सगळ्यांनी ठेचा लावून स्कॉटलंडची माती कशी लागते ते चाखून बघितलं. भाकरीसारखी लागत होती.

हळूहळू लोक पांगले. तात्यांनी घसा खाकरला. "मामला साफ हाय. गढी न्हाई, गिरनी न्हाई, मानूस शरीफ. माझ्याकडून ॲबरडीन मंजूर." दादा नकाशाकडं बघत होते. "मला बी पटायलंय," ते म्हणाले, "पर बोरीचं बी काय वाईट न्हाई. गाव जवळ, पोरगं नोकरीला. अडीनडीला हाकेवर." दोघं बोलायला लागले, इकडून तात्या, तिकडून दादा. एवढं सगळं होऊन गोष्ट पुन्हा बोरीच्या वाटेला लागली होती.

माय चुलीपुढं बसलेली. त्या इंगळाकडं बघत म्हणाली, "माझ्या वक्ताला मी रानात गवऱ्या येचायले होते. डोक्यावर पाटी घेऊन घरी आले, तर समदे हसायले. म्हनले, तुझं जमलं. कुठं जमलं हे मला दुसऱ्या दिशी कळलं." हे दादांनीही कधी ऐकलं नसावं. "म्हैनाभर बगायले मी. गढी बगितली, धूर बगितला, माती जाळून बगितली. तिला कुनी इचारलं का? मी बी न्हाई इचारलं. नांदायचं कुनाला हाय?" मग ती माझ्याकडं वळली. "बोल गं. बोरीला जाते म्हनलीस तरी मला चालंल. पर तू म्हन."

महिनाभर मी वाद घातला होता, फोटोकडं बघितलं होतं, रडले होते, पण मला काय पाहिजे हे कुणी विचारेल आणि मी सांगेन, हे माझ्यासुद्धा मनात आलं नव्हतं. सगळ्यांच्या हो-नाहीवर मी नुसती टांगून बसले होते. माझ्या अभ्यासाची पुस्तकं लिहिणारी निम्मी माणसं ॲबरडीनची होती. मला तिथंच जायचं होतं, पहिल्या दिवसापासून, किल्ला असता तरी आणि गिरणी असती तरी.

"ॲबरडीन," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की परसातल्या कोंबड्या फडफडल्या.

दादांनी नकाशा भिंतीवरून काढला आणि नीट गुंडाळला. "बोरीला मी सोता जातो. चांगली मानसं हायत, निरोपानं न्हाई कळवायचं," म्हणाले आणि पायात वहाणा सरकवल्या. दारातून परत वळले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि एसटी गाठायला निघून गेले. मी हसत होते की रडत होते, मला आज सांगता येणार नाही. दोन्ही करत असणार.

मायनं साखरेचा डबा काढला आणि अंगणात गेली. मी तिच्या मागं. पहिली मूठ गयाबाईच्या हातावर.

"पोरीचं जमलं," माय म्हणाली.

"बाई बाई! बोरीचंच ना?"

"न्हाई. ॲबरडीनचं."

"लय लांब हाय का गं?"

"लय लांब."

"पोरगं काय करतंय?"

"पोरगंबिरगं काय न्हाई तिथं. जे करायचं ते माझी पोरगीच करनार हाय."

गयाबाईची शांती तेव्हा चौथीत होती, ओट्यावर पाटी घेऊन बसलेली. गयाबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा मायकडं, आणि दुसरा हात पुढं केला.

"मग असलं एक स्थळ आमच्या शांतीसाठी बी बग की."